साइनबोर्डच्या दुकानासाठी डिझाइन सॉफ्टवेअर अपग्रेड करावं का?

पाटीवाला
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. आमचं पाट्या-बोर्डांचं दुकान. दोन मशीनवर कोरलड्रॉ एक्स ५ आहे (म्हणजे २०१० चं), विंडोज ७ आणि सिरियल पोर्टवर चालणारा जुना कटिंग प्लॉटर (ब्लेडने विनाइल कापणारं यंत्र). काम काय तर विनाइलची अक्षरं, काचेवरचं फ्रॉस्टेड, अ‍ॅक्रिलिक अक्षरांची आउटलाइन राउटरवाल्याला (मशीनवर अक्षरं कापून देणाऱ्याला) द्यायची आणि मोठं प्रिंट बाहेरून करून घ्यायचं. आजवर फारसं अडलं नाही. पण आता एक मशीन मान टाकायला लागलंय, नवीन पीसी घेतला की विंडोज ११ येणार, आणि धाकट्या भावाचं म्हणणं असं की त्यासोबत सॉफ्टवेअरही नवीन घेऊन टाकू, गिऱ्हाईकांच्या फाइली उघडत नाहीत. मी म्हणतो टाइप करा, कर्व्ह करा (अक्षराच्या नुसत्या रेघा करा), वेल्ड मारा (आकार एकमेकांना जोडा), प्लॉटरला सोडा, एवढ्यासाठी दरवर्षी भाडं कशाला भरायचं? आमचं भांडण इथे आणून टाकतोय. ज्यांनी अपग्रेड केलं त्यांना खरंच फरक पडला का ते सांगा, आणि ज्यांनी नाही केलं त्यांचं काय अडलं तेही.

नोडमास्तर
चालतंय ना? मग हात लावू नका. बाकी धागा शंभरी गाठणार, जागा पकडून ठेवतो.

रेघोट्या
पाटीवाले, आधी हे सांगा की उघडत नाहीत म्हणजे नेमक्या कुठल्या फाइली? कारण जुन्या कोरलमध्ये नव्या व्हर्जनची सीडीआर (कोरलची स्वतःची फाइल) उघडतच नाही, त्यात तुमचा काही दोष नाही, पण समोरच्याला सेव्ह अ‍ॅज करताना खालचं व्हर्जन निवडून पाठवायला सांगितलं की काम भागतं. तेवढ्यासाठी अपग्रेड म्हणजे जरा जास्तच झालं. पीडीएफ येत असतील आणि त्या फुटत असतील तर मात्र गोष्ट वेगळी.

पाटीवाला
रेघोट्या, सीडीआर कमीच. जास्त करून पीडीएफ येतात, कुठल्यातरी ऑनलाइन साइटवर बनवलेल्या. उघडली की शॅडो आणि ट्रान्सपरन्सीचे चौकोनी तुकडे पडतात, फॉन्ट बदलून येतो, कधी अख्खा लोगो पॉवरक्लिपमध्ये (एका आकारात दुसरं बसवतात ते) पॉवरक्लिप असा कोंबलेला असतो. आणि खालचं व्हर्जन करून पाठवा म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, म्हणजे काय? मग फोनवर क्लास घ्यावा लागतो.

कात्रीबाई
फोनवरचा क्लास, अगदी अगदी. इथे सगळ्यांचाच चालू असतो.

पण पाटीवालेदादा, नवीन व्हर्जन घेतलं की पीडीएफ स्वच्छ येईल ही आशा सोडा. मी नवीनच वापरते. ट्रान्सपरन्सी आणि फॉन्ट बरेच सुधारलेत हे खरं, पण कटिंगच्या दृष्टीने फाइल घाणेरडी ती घाणेरडीच. परवाच एक गोल लोगो आला, स्क्रीनवर देखणा. वायरफ्रेमला (रंग काढून नुसत्या रेघा दाखवणाऱ्या व्ह्यूला) टाकला तर बाहेरचं वर्तुळ एक अखंड नव्हतंच, चार कमानी शेजारी शेजारी ठेवलेल्या, टोकं न जोडलेली, आणि त्यांच्याखाली तेच वर्तुळ पुन्हा एकदा, केसभर सरकलेलं. तो तसाच प्लॉटरला सोडला असता तर ब्लेड त्याच रेषेवरून दोनदा गेलं असतं आणि सोलताना कडेला केसासारखी विनाइलची पट्टी लोंबत राहिली असती. हे शोधायला वायरफ्रेम आणि डोळे लागतात, आणि वायरफ्रेम तुमच्या एक्स ५ मध्येही आहे.

ट्रेसचंही (चित्रावरून आपोआप रेघा काढण्याचंही) तसंच. पॉवरट्रेस एक्स ३ पासून, म्हणजे २००६ पासून आहे. २०२० च्या व्हर्जनमध्ये त्याला एआयची जोड दिली आणि धूसर जेपीजीवर आता बराच बरा चालतो. तरी सरळ दांड्याच्या अक्षराला नको तिथे नोड (रेघेवरचे बिंदू) देतोच. अक्षर असेल तर मी फॉन्ट ओळखून पुन्हा टाइप करते, नाहीतर वर गाइडलाइन टाकून हाताने काढते. ट्रेस साफ करत बसण्यापेक्षा लवकर होतं.

नोडमास्तर
कात्रीबाईंना अनुमोदन. एका चौकोनाला चार नोड असतात हे ज्या दिवशी ट्रेसला कळेल त्या दिवशी मी पैसे भरीन.

अक्षरशत्रू
मंडळी तुम्ही मुख्य गोष्ट सोडून सगळं बोलताय. मराठी मॅटर! आता सगळं मॅटर मोबाइलवरून युनिकोडमध्ये येतं आणि आपल्या दुकानांमध्ये जुने नॉन-युनिकोड फॉन्ट, ज्यात क च्या जागी इंग्रजीचं भलतंच अक्षर बसवलेलं असतं. म्हणजे एकतर कन्व्हर्टरमधून काढा नाहीतर पुन्हा टाइप करा, आणि पुन्हा टाइप केलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपल्या नावावर. कोरलमध्ये मजकुराचं इंजिन एक्स ६ ला (२०१२) नव्याने आलं, ओपनटाइपच्या सोयी आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरवाल्या लिप्यांची नीट बांधणी त्यात आली. तुम्ही बरोब्बर त्याच्या एक पायरी अलीकडे थांबलाय. युनिकोड मॅटर सरळ चिकटवता येणं, एवढ्या एका कारणासाठी मी अपग्रेड केलं असतं. अ‍ॅडोबीच्या इलस्ट्रेटरमध्येही होतं पण तिथे प्रेफरन्समध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन चालू करावे लागतात, नाहीतर वेलांटी भलतीकडे आणि रफार गायब.

पाटीवाला
हे मात्र खरं आहे राव. आमच्याकडे मॅटर पुन्हा टाइप होतं आणि प्रूफ बघायला भाऊ. म्हणून तो चिडतो की काय.

धाकटीपाती
दादा, म्हणून चिडतो. (हो, मीच तो भाऊ. आयडी आजच काढला.)

नोडमास्तर
आता आली मजा.

रेघोट्या
स्वागत आहे धाकटीपाती. तुमची बाजू मांडा की.

धाकटीपाती
माझी बाजू साधी आहे. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आम्ही रोज अनोळखी लोकांचे पेनड्राइव्ह त्याच मशीनला लावतो ज्यावर गेल्या सगळ्या वर्षांच्या फाइली आहेत. दादाला वाटतं मला नवीन बटणं हवीत. मला फक्त झोप हवीय. आणि दुसरं म्हणजे दुकानात कोणी नवीन मुलगा कामाला आला तर तो एक्स ५ वर शिकलेला नसतो, शॉर्टकटपासून सुरुवात.

फुकटराव
कशाला एवढी चर्चा, बाजारात सगळं "सेट करून" मिळतं की. दोघंही खूश.

कात्रीबाई
फुकटराव, ते इथे नको. दुकानाचं बिल ज्या मशीनवर बनतं त्यावर क्रॅक टाकणं म्हणजे गल्ल्याला किल्ली लावून किल्ली बाहेर टांगणं. आणि धंद्याला बेकायदा सॉफ्टवेअर वापरलं तर पुढचा ताप वेगळाच.

फुकटराव
बरं बरं, कृहघ्या (कृपया हलके घ्या).

भाडेकरू_नको
मला सबस्क्रिप्शनवर बोलायचंय. अ‍ॅडोबीने २०१२ मध्ये सीएस६ काढलं आणि २०१३ मध्ये सांगितलं की यापुढे फक्त क्रिएटिव्ह क्लाउड. तेव्हापासून पैसे थांबले की हत्यार बंद. सुताराची पटाशी पैसे थकले म्हणून बोथट होते का? २०२२ मध्ये पॅन्टोनचं (रंगांना नंबर देणारी कंपनी) काय झालं आठवतंय? अ‍ॅडोबीतून त्यांच्या बऱ्याच रंगांच्या लायब्ररी काढून टाकल्या आणि वेगळं लायसन नसेल तर जुन्या फाइलमधला रंग काळा दिसायला लागला. जानेवारी २०२३ ला टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार गेला. आपण काही न करता आपल्या जुन्या फाइली बदलतात, याला मी अपग्रेड म्हणत नाही. त्यापेक्षा एक्स ५ची सीडी बरी, ती माझी आहे.

रंगारी_ग
भाडेकरू, तुमचा राग समजतो पण साइनवाल्याला पॅन्टोनचं काय एवढं? विनाइलचा रंग शेडकार्डवरून ठरतो, रोल लाल तो लालच, स्क्रीनवर तुम्ही हिरवा दाखवून कापला तरी लालच निघणार. प्रिंटमध्ये रंग आरआयपी (फाइल प्रिंटरसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर) आणि प्रोफाइल ठरवतात. सबस्क्रिप्शनचा हिशोब असा करा की महिन्यात किती वेळा फाइल न उघडल्यामुळे काम परत गेलं किंवा लांबलं. उत्तर "क्वचित" असेल तर घेऊ नका, "दर आठवड्याला" असेल तर ते पैसे तुम्ही आत्ताही भरताच आहात, फक्त पावती मिळत नाही.

भाडेकरू_नको
पावतीवाला मुद्दा पटला, पॅन्टोनवाला नाही. मोठ्या कंपनीचा बोर्ड करताना त्यांची ब्रँडबुक येते त्यात नंबरच असतात.

रंगारी_ग
हो, आणि मग शेडकार्ड घेऊन खिडकीपाशी उभं राहून जवळचा रोल शोधायचा. कुठलंही व्हर्जन असो.

मुक्तछंद
कोणी इंकस्केपचं नावच काढलं नाही? फुकट, मुक्त, देवनागरी युनिकोड व्यवस्थित, एसव्हीजी-पीडीएफ उघडतं, डीएक्सएफ आणि एचपीजीएल (कापणाऱ्या मशीनच्या फाइली) काढतं. १.० व्हर्जन २०२० ला आलं, आता बरंच स्थिर आहे. नुसत्या कटिंगसाठी सीएमवायके (छपाईचे चार रंग) लागतंय कुठे?

रेघोट्या
मुक्तछंद, कटिंगला चालेल, पण मापाची काळजी. इंकस्केप ०.९१ पर्यंत इंचाला ९० पिक्सेल धरायचं, ०.९२ पासून (२०१७) ९६. इलस्ट्रेटरची एसव्हीजी ७२ धरते. म्हणजे इलस्ट्रेटरमध्ये ६०० मिमीचं केलेलं अक्षर पिक्सेलमध्ये सेव्ह होऊन ९६वाल्या प्रोग्रॅममध्ये उघडलं की ४५० मिमी होणार, आणि इंकस्केपची जुनी ९०वाली फाइल तशीच उघडली तर ५६२.५. पहिलं डोळ्याला लगेच दिसतं. दुसरं दिसत नाही, बोर्डावर लावायला गेल्यावर दिसतं. नव्या इंकस्केपमध्ये जुनी फाइल उघडताना तो विचारतो, तो प्रश्न न वाचता ओके दाबू नये.

मुक्तछंद
मान्य. म्हणून मी प्रत्येक फाइलमध्ये कोपऱ्यात १०० मिमीची रेघ ठेवतो. कापायच्या आधी मोजायची, मग डिलीट.

अक्षरशत्रू
रच्याकने (जाता जाता), अ‍ॅफिनिटीही आता फुकट झालंय, कॅन्व्हाने २०२४ मध्ये ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ ला सगळं एकत्र करून मोफत केलं. दिसायला भारी. पण व्हर्जन २ पर्यंत देवनागरी जोडाक्षरं जुळत नव्हती, त्यामुळे डाउनलोड केलं की पहिल्यांदा "स्वच्छतागृह", "कार्यालय" आणि "विद्यार्थी" हे तीन शब्द टाइप करा. तिन्ही नीट आले तर पुढचं बघा. आपल्या धंद्यात अर्ध्या पाट्या याच तीन शब्दांच्या असतात तसंही :)

प्लॉटरकाका
उशिरा आलो, सगळं वाचलं. पाटीवाले, तुम्ही सगळे डिझाइनचं बोलताय आणि घोडं अडणार आहे प्लॉटरपाशी. तुमचा प्लॉटर सिरियलवर आहे म्हणालात. नवीन पीसीला सिरियल पोर्ट नसतो, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागेल, त्यातले काही डेटा मध्येच गिळतात, विशेषतः हँडशेक सेटिंग (पीसीने कधी थांबायचं, कधी पाठवायचं ते) जुळलं नाही तर. लक्षण असं की अर्धं काम नीट कापतो आणि मग ब्लेड तिरकं आडवं धावत सुटतं. दोष ब्लेडचा समजून लोक ब्लेड बदलत बसतात.

दुसरं, तुम्ही कोरलमधून थेट कटिंगला देता ते कशाने? प्लगइनने की प्रिंटर ड्रायव्हरने? प्लगइन ठराविक व्हर्जनपर्यंतच चालतं, प्लॉटर कंपनीच्या यादीत तुमचं नवीन कोरल आणि विंडोज ११ दोन्ही आहेत का ते आधी बघा. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, जुना ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे बसत नाही. कोरलही ६४ बिटचं एक्स ६ पासून आहे, त्यामुळे तुमचे कोणी लिहून दिलेले मॅक्रो (कोरलमध्ये काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) असतील आणि त्यात विंडोजची फंक्शनं डिक्लेअर केलेली असतील तर ती ओळ पीटीआरसेफ हा ६४ बिटसाठीचा शब्द लावून बदलल्याशिवाय चालायची नाही.

माझा मार्ग सांगतो. प्लॉटरला शेवटी एचपीजीएलच समजतं, ज्यात एक युनिट म्हणजे ०.०२५ मिमी, पेन वर, पेन खाली, इथून तिथे जा, बस. तुमचं जुनं मशीन जिवंत आहे तोवर ते नेटवरून तोडा आणि फक्त प्लॉटरला जोडून ठेवा. डिझाइन नव्या मशीनवर करा, वेल्ड करून, कर्व्ह करून खालच्या व्हर्जनमध्ये सीडीआर किंवा सरळ पीएलटी (एचपीजीएलची फाइल) काढा आणि तिकडे न्या. दोन्ही भाऊ बरोबर ठरतात. पेनड्राइव्ह मात्र त्या कामाला वेगळाच ठेवा, गिऱ्हाईकाचा नाही.

धाकटीपाती
काका, ड्रायव्हरचं डोक्यातच नव्हतं. आम्ही प्रिंटर ड्रायव्हरने देतो, प्लगइन नाही. आणि एक मॅक्रो आहे, अक्षरं आपोआप ओळीत लावून वायाचं विनाइल वाचवणारा. तो कोणी लिहिला ते दादालाच माहीत.

पाटीवाला
तो लिहिणारा आता दुसऱ्या धंद्यात आहे. फोन उचलतो पण.

प्लॉटरकाका
मग आजच फोन करा, सोर्स लॉक केलेला असेल तर पासवर्ड विचारून घ्या.

फ्लेक्सबंधू
प्रिंट बाहेरून करता म्हणालात म्हणून माझे दोन पैसे, मी प्रिंटवाल्या बाजूचा. आम्हाला तुमचं व्हर्जन कुठलं याने फरक पडत नाही, पीडीएफ नीट असली की झालं. प्रिंट-कट (छापून कडेने कापायचा) स्टिकर असेल तर रोलँडच्या व्हर्सावर्क्स सॉफ्टवेअरसाठी कटलाइनला "कटकंटूर" (CutContour) नावाचा स्पॉट कलर (नाव दिलेला वेगळा रंग) लागतो, इंग्रजी स्पेलिंग तंतोतंत, मध्ये स्पेस नाही. स्पेस दिली की मशीन ती रेघ इमानदारीने छापतं आणि कापत नाही. हे एक्स ५ मधून पण होतं, फक्त पीडीएफ काढताना स्पॉट कलर प्रोसेसमध्ये बदलू देऊ नका.

मापाचं म्हणाल तर कोरलचं पान १८०० इंचांपर्यंत जातं, ही इलस्ट्रेटरवर त्याची जुनी सरशी, तिकडे २२७ इंचांच्या आसपास आर्टबोर्ड संपायचा, २०२० मध्ये दहापट मोठा कॅनव्हास आला. पण पीडीएफची जुनी मर्यादा २०० इंच, त्यापुढचं पान पीडीएफ १.६ मध्ये युजर युनिट नावाच्या गुणकाने सांगतात आणि सगळे आरआयपी तो गुणक वाचतात असं नाही. म्हणून मोठा बोर्ड असेल तर एकास दहा करून पाठवा आणि फाइलच्या नावात तसं लिहा. नावात! सोबतच्या मेसेजमध्ये नको, मेसेज काउंटरवर राहतो आणि फाइल आत येते.

नोडमास्तर
"फायनल_फायनल_खरंच फायनल_१ः१०" असं नाव ठेवलं तर चालेल का?

फ्लेक्सबंधू
रोज येतात तशा. फक्त फाइलच्या नावात खरा कोलन चालत नाही :)

रंगारी_ग
मूळ प्रश्नाकडे या. पाटीवाले, काय ठरलं?

पाटीवाला
सगळं वाचून आम्ही दोघं बसलो. अक्षरशत्रूंचा युनिकोडचा मुद्दा आणि काकांचा प्लॉटरचा, हे दोन वजनदार वाटले. बाकी नवीन इफेक्ट वगैरे आमच्या कामात येत नाहीत यावर भाऊही तयार झाला. तर सध्या असं: नवीन पीसी एक, त्यावर नवीन कोरलची ट्रायल. बरं असलेलं जुनं मशीन नेट काढून प्लॉटरपाशी. दुसरं लायसन लगेच नाही. भावाला इंकस्केपही टाकून बघायचंय, बघू दे. सबस्क्रिप्शन की एकदम विकत, त्यावर अजून एकमत नाही, आणि आज होईल असं वाटत नाही.

एक शंका राहिली. एक्स ५ मधल्या जुन्या फाइली नव्यात उघडल्या की मजकूर हलतो का? आमच्याकडे दर वर्षी तीच पाटी पुन्हा मागणारी गिऱ्हाइकं आहेत, अक्षर इंचभर सरकलं तर जुन्या बोर्डाशेजारी लगेच ओळखू येतं.

अक्षरशत्रू
मजकूर मजकूर म्हणून ठेवला असेल तर हलू शकतो. इंजिन वेगळं, कर्निंग (अक्षरांमधलं अंतर) वेगळं, पॅराग्राफ टेक्स्ट असेल तर ओळ दुसरीकडे तुटते. जे बोर्ड पुन्हा पुन्हा येतात त्यांची एक्स ५ मध्येच आत्ता कर्व्ह केलेली कॉपी काढा, मूळ फाइलशेजारी ठेवा, नावात "कर्व्ह" लिहा. सगळ्या नको, फक्त पुन्हा येणाऱ्या.

भाडेकरू_नको
आणि पीडीएफ पण काढून ठेवा. उद्या कोरलच नसेल तर?

कात्रीबाई
ट्रायलची मुदत थोडी असते, त्यामुळे इन्स्टॉल करायच्या आधी तुमच्याकडच्या सगळ्यात छळवादी फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करा. तो शॅडोवाला पीडीएफ, पॉवरक्लिपवाला लोगो, मोबाइलवरून आलेलं लांबलचक मॅटर, आणि एक जुनी मोठी सीडीआर. सोप्या फाइलींवर सगळीच सॉफ्टवेअरं पास होतात.

आणि नव्या मशीनवरून पीएलटी काढून जुन्यावरून कापाल तेव्हा पहिलं काम गिऱ्हाईकाचं नको. उरलेल्या तुकड्यावर ५०० मिमीचा चौकोन आणि त्यात एक वर्तुळ कापा, आडवं, उभं आणि दोन्ही कर्ण मोजा. आडवं-उभं चुकलं तर स्केल किंवा युनिट बघा, कर्णच चुकले तर रोल तिरका लागलाय, सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका. वर्तुळाच्या जागी बारीक बारीक सरळ रेषा दिसल्या तर एक्स्पोर्टमधलं कर्व्ह रिझोल्यूशन बारीक करा, प्लॉटर तेवढं सहज घेतो.

धाकटीपाती
फोल्डर केला. नाव ठेवलंय "छळ". दादाने त्यात चक्क माझ्याच जुन्या फाइली टाकल्यात.